खुंटीवरचा तांब्या

॥ श्री यल्लमा प्रसन्न ॥

बोरवस्ती, ता. जत, जि. सांगली
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

ती. अंबूवन्सं यांसी,
बानूचा सा. न. वि. वि.

सगळ्यात आधी आला त्यो पप्पू रिक्षावाला. रिक्षा वस्तीच्या तोंडाला बंद पडली म्हनून त्यो एकटाच चालत पुढं आला, आन् भर गल्लीत हुबा ऱ्हाऊन त्यानं इचारलं की बोटीवाल्या बानूबाईचं घर कंचं. शेजारची कानडी सुनबाई हसाया लागली. तिचं बी खरं हाय. ज्या गावात टँकरचा भोंगा वाजला की बाया घागरी घिऊन पळत्यात, तिथं बोट कुठली यायला. मी जोंधळं पाखडत व्हती, सूप तसंच हातात धरून भाईर आली.

त्याच्या मागनं एक म्हातारं मानूस आन् एक पोरगी. म्हाताऱ्याचं नाव रहिमान, मिरजंचं. त्यांच्या घरात तंबोरं करत्यात पिढीजात, पर हे नेव्हीत सुतार व्हते. काठी टेकत चालत्यात, पर बोटं बघितली तर अजून करवतीला धरत्याल अशी. पोरगी त्यांची नात, अल्फिया, इंजिनेरीचं शिकतीया. चपला भाईर काढल्या, पाया पडली, आन् च्याला नगं म्हनाली न्हाई. मला आवडली. आपल्या जयराजची पोरगी पाव्हनं आलं की फोन घिऊन आत पळतीया.

वन्सं, तुमच्यात पत्र कोन वाचतंय ठावं न्हाई. जे कोन वाचत आसंल त्यानं हितनं पुढं सावकाश वाचावं.

रहिमानबाबा तुमच्या दादांच्या बोटीवर व्हते. वारणा नावाची ती बोट. इंग्रजाच्या मोठ्या लढाईत बांधली, मंग आपल्याकडं आली, आन् एकाहत्तरच्या लढाईत तिच्यावरच तुमचे दादा गेले. मला वाटलं व्हतं ती कवाच बुडाली आसंल. ती जित्ती हाय. कोकनात एका खाडीत पडून व्हती, भंगारात मोडनार व्हते. तर ह्या पेन्शनीतल्या म्हाताऱ्यांनी आन् शिकत्या पोरापोरींनी मिळून ती मागून घेतली. सुट्टी आली की जात्यात, गंज खरवडत्यात, रंग लावत्यात, इंजन सुरू करून बघत्यात. कुनी पगार देत न्हाई. बाबा म्हनले, घरात बायको म्हनती हितली कडी बसवा, ती बसवत न्हाई, आन् बोटीची दारं बसवाया पळतोय. शाळंची पोरं बघाया येत्यात म्हनं. वर्सातनं एकदा, चार डिसेंबरला, बोट खाडीतनं एक गिरकी घिऊन येती.

तर ह्या अल्फियानं बॉयलरच्या खोलीतल्या फरशीचं लोखंडी पत्रं उचललं. खाली तेलाचा गाळ, गुडघाभर. हातानंच उपसत व्हती, तवा तिच्या हाताला तांब्या लागला.

तिनं पिशवीतनं टावेलात गुंडाळल्यालं काढलं आन् माझ्या सुपात ठेवलं. काळं ठिक्कर, एका अंगाला चेपल्यालं. अंगठ्यानं पुसून तिनं दावलं. टिंबा टिंबाची अक्षरं. सौ. बानूस वडिलांकडून, १९७०.

वन्सं, तांब्या तुमी घेतला न्हवता.

हे मी चौपन्न वर्सांनी लिवतीया. चौथी शिकल्याली बाई मी, मला ह्याच्यापुढं कसं लिवावं ते सुचत न्हाई, म्हनून दुसरं सांगती. बाबा म्हनले, मानूस उघडा हुतो असल्या उष्म्यात बॉयलरपाशी काम, आन् सगळ्यास्नी पानी प्यायला पत्र्याचा मग. हे मातुर तांब्यानं प्यायचे. तांब्यावर बाईचं नाव बघून सगळी चिडवायची, तर हे म्हनायचे माझा मग गळतोय. बाबांनी त्या तांब्यासाठी लोखंडी भिंतीला फळी बसवून तिच्यावर लाकडाची खुंटी ठोकून दिली व्हती, तिच्यावर हे तांब्या त्वांडानं अडकवायचे. खुंटी अजून हाय. मधी किती रंग दिलं, पर कुनी ती काढली न्हाई.

लगीन झाल्यापास्नं आमी दोघं मिळून दीड म्हैना बी एका घरात न्हवतो. चारचौघांत माझ्याकडं मान वर करून बघायचे न्हाईत. मला वाटायचं, ह्यास्नी मी पसंतच न्हाई. आन् बगा, न सांगता माझा तांब्या घिऊन गेलं. कालपास्नं मी एकटीच हसतीया. जयराज म्हनला, आई, तुला ताप हाय का.

ही मानसं म्हनत्यात तांब्या तुमचा, नाव तुमचं, ठेवा. पर द्यायचा आसंल तर खुंटीला परत लावू. आन् चार डिसेंबरला मला बोटीवर न्हेनार. मी म्हनलं, माझ्या वन्सं आल्या तर मी येती. तांब्या आधी तुमी हातात घ्यायचा. माझ्या घरचं पानी तुमी त्या दिसापास्नं पेला न्हाईसा. आता ह्याच तांब्यानं प्या, मंग त्यो कुठं बी जाऊ दे.

तुमास्नी ऐकू कमी येतंय म्हनून फोन केला न्हाई. खरं सांगू का, आलं असतं तरी केला नसता. त्वांडानं निघालं नसतं.

राग असंल तेवढा ठेवा, पर उत्तर धाडा.

तुमची वैनी,
बानू


॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥

मु. पिंपरी, ता. कोरेगाव, जि. सातारा
सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५

ती. बानूआजींस,
राजनंदिनीचा शि. सा. न. वि. वि.

मी अंबूआजींची नातसून. आपण कधी भेटलेलो नाही. आमच्या लग्नाची पत्रिका तुम्हाला गेली होती, पण तुमच्याकडून कुणी आलं नाही आणि का आलं नाही हे इथे मला कुणी सांगितलं नाही. तुमचं पत्र मी अंगणवाडीतून आल्यावर वाचलं, दोनदा. ते फार छान लिहिलंय. चौथी शिकल्याचं सारखं सांगू नका, आमच्या गावात पंधरावी शिकलेल्यांना एवढं लिहिता येत नाही.

पण एक गोष्ट तुम्हाला कुणी कळवलेली दिसत नाही. आजींना दोन वर्षांपासून विसर पडतो. कमी ऐकू येतं ते वेगळं. सकाळी जेवलेलं दुपारी आठवत नाही. मला कधी राजनंदिनी म्हणतात, कधी कोण गं तू म्हणतात. ह्यांना तर स्वतःचे दीर समजतात आणि पदर घेतात, मग घरात हसू होतं. मात्र जुनं सगळं लख्ख आहे. बैलांची नावंसुद्धा सांगतात.

पत्र मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन वाचलं. बोटीचं ऐकताना मान डोलवत होत्या. तांब्या म्हटल्यावर मात्र त्यांचा हात थांबला. त्या वाती वळत होत्या. पुढचं वाचू नको म्हणाल्या. मग हळूच विचारलं, जयराज बरा आहे का. मी म्हटलं बरा आहे. थोड्या वेळाने पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत वीसेक वेळा विचारलं असेल. आणि प्रत्येक वेळी पदराचं टोक तोंडावर दाबून धरलेलं, जणू आतून काही बाहेर पडेल.

बाकी दिवाळी बरी झाली. भाऊबीजेला त्यांनी नेहमीसारखं चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेली बाई चंद्राला ओवाळते हे मला माहीत होतं, पण आजी चंद्राला ओवाळून झाल्यावर दोन्ही कान पकडतात. मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून बघतेय. कुणाची माफी मागतात ते विचारायचं राहून गेलं.

बानूआजी, मला खरं सांगा, तेव्हा काय झालं होतं? तुम्ही लिहिलंय की तांब्या त्यांनी घेतला नव्हता. म्हणजे घेतला असं कुणी म्हटलं होतं का?

वेडंवाकडं विचारलं असेल तर नातसून म्हणून पदरात घ्या.

तुमची,
राजनंदिनी


॥ श्री यल्लमा प्रसन्न ॥

बोरवस्ती, ता. जत
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. राजनंदिनीस,
बानूआजीचे अ. आ.

तुझं पत्र पोस्टमनानं शेजारच्या गोठ्यात टाकलं व्हतं, ते म्हशीनं एका कोपऱ्याला चाखलंय. पर अक्षर हाय तसं हाय. अक्षर तुझं टपोरं हाय गं, हुरड्याच्या दान्यावानी.

तू इचारलंस म्हनून लिवती. दुसऱ्या कुनी इचारलंच न्हाई कवा.

तांब्या माझ्या बाबांनी मिरजंच्या बाजारातनं घेतला व्हता. भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर एक मानूस छिन्नी घिऊन बसायचा, त्यो नाव घालायचा. बाबास्नी लिवता येत न्हवतं, तर त्यांनी त्याला तीनदा वाचून दावायला लावलं. सासरी भांडी सगळी सासूची, एकट्या तांब्यावर मातुर माझं नाव. पोरवयात त्याचा लय डौल व्हता मला. त्यो मी दुसऱ्या कुनाला घासू बी दिला न्हाई.

एकाहत्तर सालच्या श्रावनात हे सुट्टीवर आले आन् गेले. त्यास्नी वाटंला लावलं त्याच दिशी तांब्या दिसंना. मी घर, परडं, हीर सगळं धुंडाळलं. दिवाळीला बाबा माझ्याकडं आले. उंबऱ्यात बसून म्हनले, पोरी, आपल्या तांब्यातनं पानी दे. मी फुलपात्रातनं दिलं. बाबांनी ते संपवलं न्हाई.

तवा अंबूवन्सं पंधरा वर्साच्या. कोरेगावचं स्थळ ठरल्यालं, भांडी जमवायला सुरवात झालती, त्यांची एक हिरवी पत्र्याची पेटी व्हती. माझ्या डोस्क्यात बसलं की तांब्या ह्या पेटीत गेला. मला दिस जाऊन दोन म्हैने झालं व्हतं, जीव आंबून गेलता, जिभंला हाड न्हवतं. बाबांच्या देखत आन् गल्लीतल्या सगळ्या बायांच्या देखत मी ती पेटी अंगनात उपडी केली. पातेली गडगडत हिरीपतूर गेली. तांब्या निघाला न्हाई. तरी मी म्हनलं की हिनं बोहारनीला दिला. पोरगी काय बी बोलली न्हाई. नुस्ती भांडी गोळा करत बसली, एकेक पुसून. मी म्हनलं, बगा, चोराला त्वांड नसतंय.

ते बोलनं मी केलंय बाई. दुसऱ्या कुनी न्हाई.

मंग डिसेंबरात तार आली. मातीला बी काय आलं न्हाई, दर्यातच सोडलं म्हनं. घर उलथंपालथं झालं. वर्सानं अंबूचं लगीन लावलं, बोळवनीला तिनं माझ्या हातचं पानी घेतलं न्हाई. सासूबाई गेल्या तवा आली व्हती, लिंबाखाली हुबी ऱ्हायली, शेजारच्या घरातनं पानी मागून पेली. मला तवा सुदीक वाटलं, चोरी केली म्हनून उंबऱ्याला भ्याली.

आता तू लिवतीस की जयराजचं इचारत्यात. मला त्याचा मेळ लागंना. त्यांनी जयराजला धड बघितल्यालं बी न्हाई. सोबत त्याचा फोटू धाडलाय. ह्यात त्याच्या मिशा पिकल्यात आन् मांडीवर नातू हाय. शेताच्या बांधावर बसून काढलाय, म्हनून डोळं बारीक केल्यात, एरवी बरा दिसतोय.

अल्फियानं फोन केला व्हता. ती पोरं खुंटीच्या भवतीचा रंग काढत्यात. ती म्हनली, आजी, फळीला तांब्याच्या काठाची गोल खूण पडलीया. मी तिला म्हनलं ती खूण तेवढी पुसू नगा.

हितं ऊन हाय, तिकडं थंडी वाढली आसंल. वन्संचं पाय झाकत जा.

तुझ्यावर भरवसा ठिऊन,
बानूआजी


॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥

मु. पिंपरी, ता. कोरेगाव
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

ती. बानूआजींस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्ही एकट्या बसून वाचू नका. जयराजकाकांना जवळ बसवून घ्या.

फोटो मी आजींच्या हातात दिला. हा जयराज, असं मोठ्याने सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या की हा कुणी म्हातारा आहे, जयराज अजून वैनीच्या पोटात आहे. मी मिशांवर बोट ठेवलं, वय सांगितलं, मांडीवरचा नातू दाखवला. दुपारभर फोटो घेऊन बसल्या होत्या. मधेच त्याचा चेहरा पदराने पुसायच्या. शेवटी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, म्हणजे हा जगला का. मी म्हटलं, जगला. मग म्हणाल्या की आता सांगितलं तर चालेल.

मी जसं ऐकलं तसं लिहिते. माझ्या मनाचं काही घालत नाही.

मानसिंगदादा सुट्टी संपवून निघाले त्या सकाळी त्यांनी आजींना वैरणीच्या गंजीमागे बोलावलं. म्हणाले, वैनीचा तांब्या गुपचूप आणून दे. स्वतःच्या बायकोचा तांब्या मागायची त्यांना आईसमोर लाज वाटत होती आणि तुमच्यासमोर त्याहून जास्त. आजींनी तो परकराच्या ओच्यात लपवून आणला. दादांनी मोज्यांत घालून पिशवीत ठेवला. आजींनी विचारलं कशाला नेतोस, तर म्हणाले बोटीवरचं पाणी लोखंडासारखं लागतं. मग गळ्याला हात लावून शपथ घातली, की वैनीला सांगायचं नाही, पुढच्या सुट्टीला मी माझ्या हातानेच तिच्या हातात देईन आणि मग तुला शपथ सुटली म्हणेन.

पेटी उपडी झाली त्या दिवशी आजी तुम्हाला काही बोलल्या नाहीत. पण भांडी गोळा करून झाल्यावर त्यांना राहवलं नाही आणि त्यांनी आपल्या आईला खरं सांगितलं. आई म्हणाली, हे सुनेच्या कानावर घालू नको, नवरा आपला तांब्या उराशी धरून फिरतो हे कळलं तर ती आपल्या डोक्यावर बसेल. म्हणजे गोष्ट तिथेच राहिली. पण शपथ मोडली होती.

आणि मग तार आली.

बानूआजी, चौपन्न वर्षं त्या असं धरून आहेत की भाऊ त्यांनी मारला. गोळ्याने नाही, बॉयलरने नाही. त्यांनी तोंड उघडलं म्हणून. तेव्हा तुम्हाला दिवस गेलेले होते. त्यांनी ठरवलं की एकदा बोलले तर दादा गेला, पुन्हा बोलले तर दादाचं पोटातलं जाईल. म्हणून गप्प राहिल्या. जयराजकाका जन्मले तरी गप्प राहिल्या, कारण शपथ घालणाराच सुटली म्हणायला उरला नव्हता. तुमच्या घरी पाणी न पिण्याचं कारणही तेच सांगितलं. म्हणाल्या, त्या घरातलं पाणी तोंडात घेतलं की तोंड उघडतं, आणि तोंड उघडलं की बोलणं बाहेर येतं.

एवढं सांगून त्या दमल्या आणि झोपल्या. उठल्यावर पुन्हा मला विचारलं, जयराज बरा आहे का. मी फोटो दाखवला, तर म्हणाल्या हा कोण म्हातारा.

त्या बोटीपर्यंत येऊ शकतील असं मला वाटत नाही. कोरेगावच्या बाजारापर्यंतही नेता येत नाही, गाडीत घाबरतात. तुम्हाला यायला जमलं तर या. तांब्या घेऊन या. उशीर करू नका असं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून,
राजनंदिनी


॥ श्री यल्लमा प्रसन्न ॥

बोरवस्ती, ता. जत
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. राजनंदिनीस,
बानूआजीचे अ. आ.

सुखरूप पोचलो. जयराजनं वाटंत दोनदा गाडी थांबवून भजी खाल्ली आन् आता पोट धरून बसलाय. तू दिल्यालं घेवड्याचं बी कोरड्या फडक्यात बांधून ठेवलंय. आमच्या मातीत येतंय का बघू, तुमच्याकडची जमीन काळी आन् मऊ, हितं कुदळ टाकली की टनकन वाजतीया. तुझ्या हातचं वांगं मला आवडलं, पर मीठ जरा हात राखून घालत जा. वन्संला बी मीठ कमीच लागायचं ल्हानपनी, हे मला तुझ्या घरात जेवताना आठवलं. मला अजून काय काय आठवंल कुनाला ठावं.

तू च्या टाकाया आत गेलतीस तवा काय झालं ते तुला सांगितलं न्हाई. सांगाया लागली असती तर रडू फुटलं असतं, आन् पयल्यांदाच आल्याली पाव्हनी रडली म्हनून गाव गोळा झालं असतं. आता लिवती.

वन्संनी मला वळखलं न्हाई. माझ्याकडं लय वेळ बघितलं आन् मला आई म्हनल्या. सासूबाईंचं नाक माझ्यासारखं कुठं व्हतं, पर असू दे. मी शेजारी बसली. हात धरला. त्या हातावर आता नुस्त्या शिरा. मी पिशवीतनं तांब्या काढला. चिंच लावून, राख लावून मी त्यो चार दिस घासला व्हता. चेप गेला न्हाई, पर उजेड पडला की डोळं दिपत व्हतं.

त्यांनी तांब्या बघितला, आन् गं बाई, त्या एकदम पंधरा वर्साच्या झाल्या. दाराकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं, माझ्या हातातनं त्यो ओढला आन् पदराखाली घातला. मंग माझ्या कानाला लागल्या आन् मला म्हनल्या, आई, वैनीला सांगू नगंस. दादानं शपथ घातलीया.

माझ्यापास्नं माझाच तांब्या लपवत व्हत्या, माझ्याच मांडीला मांडी लावून.

मी म्हनलं, अंबू, सुटली शपथ. कानात म्हनलं, मोठ्यानं म्हनलं. त्यांनी मान हालवली. म्हनल्या, आईनं म्हनून चालत न्हाई, ज्यानं घातली त्यानंच म्हनायला पायजे. खरं हाय त्यांचं. आमी बी पोरपनी तसंच मानत व्हतो, दुसऱ्यानं सुटली म्हनलं तर धरत न्हवतो. मी म्हनलं मी त्याची बायको हाय. तर हसल्या माझ्याकडं बघून, म्हातारी काय बोलतीया म्हनून.

मंग मी माफी मागितली. पेटीची मागितली, बाबांच्या देखत बोलल्याची मागितली, लिंबाखाली हुबी केल्याची मागितली. त्या ऐकत व्हत्या का न्हाई मला ठावं न्हाई. मधीच म्हनल्या की आई, वैनी लय चांगली हाय, तिला जपायला पायजे, तिला दिस गेल्यात. हे ऐकून माझ्या हातातनं हात सुटला.

तू च्या घिऊन आलीस तवा आमी दोघी शेजारी शेजारी बसलो व्हतो आन् तू म्हनलीस, बघा कशा मैत्रिणी दिसतात.

पानी मातुर त्यांनी पेलं. तू दिल्याल्या भांड्यातनं, माझ्या हातानं, दोन घोट. हे मी मोजून ठेवलंय.

तांब्या मी परत मागितला न्हाई. त्यांच्या उशीखाली हाय, तू उशी झाडाया गेलीस तर हात घालू नगंस, बिचकत्याल. परवा रहिमानबाबांचा फोन आला. तांब्या खुंटीला द्यायचं ठरलं का म्हनून त्यांनी इचारलं. मी म्हनलं, बाबा, तांब्या चोरीला गेला. आवंदा खरंच माझ्या वन्संनीच घेतला. मंग मी सगळी गोष्ट सांगितली, ती ऐकून म्हातारं लय वेळ नुस्तं खाकरत ऱ्हायलं. शेवटी म्हनले, खुंटी मोकळी ऱ्हाऊ दे, एवढी वर्सं मोकळीच व्हती.

पर मला मोकळी ठेवायची न्हाई. येताना मी जयराजला मिरजंत गाडी थांबवाया लावली आन् पितळंचा नवा तांब्या घेतला. आता नाव मशिनीनं घालत्यात, भुर्रकन. मी म्हनलं मला छिन्नीनं पायजे. दुकानदाराचा म्हातारा बाप आतनं आला, चष्मा शोधाया त्याला अर्धा तास लागला, पर घातलं. मानसिंगदादास अंबूकडून. हे नाव मी आयुष्यात पयल्यांदा त्वांडानं घेतलं, कारन त्याला लिवून द्यायला कागद न्हवता. त्यानं इचारलं साल कंचं घालू. मी म्हनलं, साल घालू नगा.

चार तारखेला बोट खाडीत गिरकी घेनार, तवा मी बॉयलरच्या खोलीत जानार हाय. अल्फिया म्हनली की शिडी उभी हाय आन् खाली आवाज लय असतोय. मी म्हनलं, मला तिथं नवऱ्याशी बोलायचंय, आवाज हाय ते बरंच. अंबूचा तांब्या खुंटीला लावती, आन् त्यास्नी सांगती की तुमची बहीन चौपन्न वर्सं त्वांड दाबून बसलीया, आता एकदा म्हना. मंग मी परत तुमच्याकडं यीन आन् तिच्या कानात सांगीन की दादानं म्हनलं. खोटं न्हवं ते. तिथनं काय ऐकू येतंय ते माझं मी बघून घीन.

तंवर तिला जित्ती ठेव गं. बाकी काय मागत न्हाई.

जयराज म्हनतुया, आई, तुला दर्या लागंल, वकाऱ्या येत्याल. लागू दे. ह्या वयाला लागायचं दुसरं काय ऱ्हायलंय.

तुमच्या घरातल्या मायेला कवा तळ लागू नये,
तुझी,
बानूआजी

ता. क. रहिमानबाबा आन् अल्फिया मला न्यायला येनार हायत. बोटीची तयारी आधी करायची असती, म्हनून तीस तारखेलाच, आयतवारी, सकाळी नऊ वाजता येतो म्हनालेत.